परकं छप्पर

"वाचायला जा गो बाय, पण ऐकायला बसू नको," असं रंगूबाईने रिबेकाला सांगितलं होतं ते विहिरीच्या कठड्याशी बसून, मोड आलेले वाल सोलता सोलता, सहज म्हणून. रंगूबाई म्हणजे मिशनची जुनी बायबलबाई. तीस वर्षं तिने महाडपासून पोलादपूरपर्यंतच्या वाड्या पायी तुडवल्या, बायकांना शास्त्र वाचून दाखवलं, आणि आता आवारातल्या मागच्या खोलीत ती दात नसलेल्या तोंडाने दिवस काढत होती. "वाचलेलं आपुन पिशवीत घालून परत आणतो. ऐकलेलं तिथं सोडून येता येत नाय, आन् घरी ठेवायला फडताळ नाय." रिबेका हसली होती. आपली जागा कोणीतरी घेतंय असं म्हातारीला वाटत असणार, हे तिच्या मनात आलं होतं आणि तिने ते जरा सुखानेच येऊ दिलं होतं. पुण्यात कॉलेजची दोन वर्षं काढलेली ती, शांतवनशी लग्न करून महाडला आली. तो मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. दोन खोल्या आवारातच, दवाखान्याच्या पाठीला पाठ लावून, भिंतीतून कार्बोलिकचा वास येणाऱ्या. समोर देऊळ (इथले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात), बाजूला पाळकसाहेबांचं घर, आणि रस्त्यापलीकडे पोह्यांची गिरणी, जिची धडधड सकाळी सुरू झाली की दुपारपर्यंत छातीत राहायची. त्या धडधडीतच एके दिवशी लेकीला, करुणाला पाजत असताना तिला ते ऐकू आलं होतं: जा. आवाज नव्हता तो, किंवा होता तर अगदी घरगुती, शेजारणीने दूध उतू जातंय म्हणून सांगावं तसा. कुठे, ते सांगितलं नव्हतं. पण तिला कळलं होतं. पोलादपूरला ख्रिस्ती घरं सात, पाळक तिकडे महिन्यातून एकदा जाणार, बायकांना अक्षर येत नाही. दुसऱ्या आठवड्यात ती करुणाला कडेवर घेऊन एस.टी.त बसली. पगार नाही, नेमणूक नाही. शांतवन म्हणाला, "जा की, तेवढाच तुला बदल." पुढे ती पुन्हा पुन्हा त्या शब्दाशी येऊन थांबायची. बदल. तिला हाक आली होती, की त्या दोन खोल्यांत जीव घुसमटला होता आणि घुसमटीलाच तिने हाकेचं नाव दिलं होतं? हे तिला कोणी विचारलं नाही.

आणि मग तो बुधवार. शिमगा होऊन गेला होता, नवं मराठी राज्य होऊन वर्ष होत आलं होतं, उन्हाने देवळाचे पत्रे तडतडत होते. बायकांची प्रार्थनासभा सतरंजीवर बसून व्हायची. एकीने सुरू करायचं, मग दुसरीने, डोळे मिटून, मोठ्याने, पुस्तकात न बघता. शब्द आपोआप आले पाहिजेत, त्यातच खरेपण. रिबेकाला हे सुरुवातीला जड गेलं होतं, पण मग एकदा बांध फुटला आणि बायका म्हणू लागल्या, बाई प्रार्थनेत काय छान बोलते. खरं तर मिटल्या डोळ्यांच्या आड तिला जितकं मोकळं वाटायचं तितकं दुसरीकडे कुठेच वाटत नसे. तिथे भिंती नव्हत्या, कार्बोलिक नव्हतं. त्या दिवशी तिने आजाऱ्यांसाठी मागितलं, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी मागितलं, आणि मग तिची जीभ तिच्या पुढे निघून गेली: "आणि प्रभू, परक्या छपराखाली राहिलेल्या तुझ्या लेकीला सांभाळ, तिच्या पोटातल्या जिवाला सांभाळ." सगळ्यांनी आमेन म्हटलं. रिबेकाने डोळे उघडले. समोर बनुबाई बसली होती, मंडळीचे 'वडील', म्हणजे देवळाचे निवडलेले कारभारी, महिपतराव यांची बायको, आणि तिचे डोळे आधीपासूनच उघडे होते. एवढंच झालं. बनुबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला, गुडघ्यावर हात टेकत उठली आणि चपला शोधता शोधता म्हणाली, "ग्वाड झाली हां बाय तुमची प्रार्थना. कुणाचं गो छप्पर?"

बनुबाईची सून सगुणा पोलादपूरहून नाहीशी होऊन तीन आठवडे झाले होते. मुलगा तिथे मिशनच्या शाळेत मास्तर. घरच्यांनी सांगितलं होतं की सून माहेरी गेली आहे; पण सगुणाला माहेर उरलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे "हो का?" म्हणत होते. तिला दिवस गेले आहेत, हे मात्र घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं; पोट दिसू लागल्यापासून घरच्यांनी तिला बाहेर पडू दिलं नव्हतं. रिबेकाला होतं, कारण ती ऐकायला बसली होती. पोलादपूरच्या त्या मागल्या ओट्यावर, समोर घाटाचा डोंगर दुपारच्या धुरकट उन्हात अंगावर आल्यासारखा उभा, करुणा मांडीवर झोपलेली, आणि सगुणा तांदूळ पाखडत होती. रिबेकाने वाचून संपवलं, पुस्तक मिटलं. तेव्हाच उठायचं. पण सूप थांबलं आणि सगुणा म्हणाली, "बाय, तुमी वाचलंत ते समदं बरोबर हाय. पर माझा जीव हितं नाय ऱ्हायाचा." मग तिने बांगड्या वर सरकवून हात दाखवला. मग पहिल्या खेपेचं सांगितलं, पाचव्या महिन्यातलं. "जात्यावर पडली असं सांग, सासू बोलली. म्या तसंच सांगितलं. दवाखान्यात तुमच्या मालकांनीच औषध दिलं की." रिबेकाला शांतवनच्या हातातली ती लाल बाटली दिसली, कागदाची खूणपट्टी चिकटवलेली, दिवसातून तीन वेळा. "आता पुन्यांदा हाय, आठवा लागला," सगुणा म्हणाली. "ह्यो मी ठेवनार. हलिमाबी हाय, दारावर बांगड्या भरायला येते ती, तिचा नवरा बोटीवर असतो. ती बोलली, माज्याकडं ये, तुमची मंडळी माज्या दारात कशाला येतील? बाय, जाऊ?" आणि तिने गावाचं नाव सांगितलं. रिबेका काय म्हणाली होती? ती हे पुन्हा पुन्हा आठवून बघायची आणि प्रत्येक वेळी थोडं वेगळं आठवायचं. कधी ती "जा" म्हणाली होती, त्याच घरगुती आवाजात. कधी ती काहीच बोलली नव्हती, फक्त सगुणाच्या डोक्यावर हात ठेवला होता, पाळक ठेवतात तसा. सगुणाने डोळे मिटले होते. तो हात कोणाच्या अधिकाराने ठेवला, हा प्रश्न त्या ओट्यावर दोघींना शिवला नव्हता.

तो शुक्रवारी चार वाजता शिवला, देवळामागच्या कमिटीच्या खोलीत. टेबलापाशी पाळकसाहेब, एक फार म्हातारे वडील जे बहुतेक वेळ झोपेत असत, आणि स्वतः महिपतराव. त्यांचाच मामला असताना ते तिथे बसावेत, याचं कोणाला काही वाटलं नाही. ते नेहमीच्याच खुर्चीवर बसले होते. रिबेकाला स्टूल दिलं होतं. करुणा कडेवर. तिला रंगूबाईपाशी ठेवून ये म्हणून शांतवनने सांगितलं होतं, पण तिने मुद्दाम आणली होती आणि आता मुलगी टेबलावरच्या घंटीकडे झेपावत होती.

"रिबेकाबाई," पाळकसाहेब म्हणाले, "तुम्ही प्रार्थनेत एका बाईचा उल्लेख केलात."

"मी देवाशी बोलत होते."

"मोठ्याने."

"आपल्यात मोठ्यानेच करतात."

"म्हणूनच म्हणतो. मोठ्याने केलेली प्रार्थना मंडळीची होते. मंडळी तिला आमेन म्हणते. आपण कशाला आमेन म्हटलं, हे विचारायचा मंडळीला हक्क आहे की नाही?"

तिला हे चुकीचं वाटत होतं, पण कुठे चुकीचं ते बोट ठेवून दाखवता येत नव्हतं.

"सगुणा तुमच्याशी काय बोलली?"

"ते विश्वासाने सांगितलेलं आहे, साहेब."

"पाळकाला विश्वासाने सांगितलेलं पाळकापाशी राहतं. तुम्ही पाळक आहात का?"

"नाही."

"नेमलेल्या बायबलबाई?"

"नाही."

"मग दोन बायका ओट्यावर बसून बोलल्या. त्यात झाकायचं काय?" त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "आणि ती सेवा होती असं तुम्ही म्हणत असाल, तर ती कोणाच्या परवानगीने केलीत, हा वेगळा प्रश्न निघतो. त्याचीही नोंद मला करावी लागेल."

"मला पाचारण झालं होतं," ती म्हणाली. तो शब्द त्या खोलीत उच्चारल्याबरोबर इस्त्री केल्यासारखा कडक वाटला. ओट्यावर तो तसा नव्हता.

"पाचारण देव करतो, बाई. मी नाही कुठे म्हणतो? पण त्यावर सही मंडळीची लागते."

"म्हणजे मनीऑर्डरसारखं?"

झोपलेले वडील खुदकन हसले आणि मग खोकला आल्याचं दाखवू लागले. पाळकसाहेबांच्याही ओठांची कड हलली. तेच तिला असह्य झालं. हा माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. करुणाला डांग्या खोकला झाला तेव्हा याच माणसाने धो धो पावसात छत्री न घेता जाऊन गावातून डॉक्टर आणला होता, आणि उकळत्या पाण्याचं भांडं स्वतः हातात धरून बसला होता. त्यांना "साहेब" म्हणताना तिच्या मनात आजवर कधी किंतू आला नव्हता.

महिपतराव पुढे वाकले. "बाय, तो माझा नातू हाय. माझं रक्त. मला नाव नको, गाव सांगा फक्त. मी काय खातो का तिला? गाडी नेतो, बसवतो, घरी आणतो. माझ्या पोराच्या हाताला जरा चेव हाय, ते मी बघतो." आणि ते खरंच रडकुंडीला आले होते. त्यांचे डोळे लाल झाले, नाक ओढलं त्यांनी. रिबेकाने करुणाला घट्ट धरलं. तिला वाटलं, आता आपण सांगणार. गावाचं नाव दोन अक्षरांचं होतं, जिभेच्या टोकावर बसून होतं, फुंकर मारली तर उडेल इतकं हलकं.

"रविवारी उपासनेआधी सांगा," पाळकसाहेब म्हणाले. "घाई नाही. आणि तोवर आवाराबाहेर जाऊ नका, ही विनंती समजा."

घाई नाही, आणि फक्त दोन दिवस. ती खोलीतून बाहेर आली तेव्हा तिला कोडं स्वच्छ दिसलं, कॉलेजात तर्कशास्त्राच्या तासाला फळ्यावर काढायचे तसं. सेवा नव्हती म्हणावं, तर ते गुपित नाही, सांगायला हवं. सेवा होती म्हणावं, तर ती चोरीने केलेली, त्याला शिक्षा आहे. बाहेर पडायला दारं दोन, आणि दोन्ही त्याच खोलीत उघडणारी. फळ्यावर असताना अशा कोड्याची तिला गंमत वाटायची.

"सांगून टाक ना गं," शांतवन घरी म्हणाला. तो चुलीपाशी उकिडवा बसून करुणाला पेज भरवत होता. या माणसाच्या हातांइतके हळुवार हात तिने पाहिले नव्हते, त्याने सुई टोचली तर पेशंट म्हणायचे, झालं पण? "गाव सांग. पुढे ते शोधतील, पाप त्यांच्या डोक्यावर. आपण कोण?"

"आणि यावेळीही तिला ढकललं तर?"

"ते तू पाहिलंस?"

"औषध तुम्ही दिलंत, अहो."

त्याचा चमचा मध्येच थांबला. करुणा तोंड उघडून वाट बघत राहिली. "मला जात्यावर पडली म्हणून सांगितलं," तो म्हणाला आणि पुन्हा भरवू लागला. जेवताना प्रार्थना त्याने केली. रोज तीच असायची, अन्नाबद्दल आभार. त्या दिवशी तो पुढे गेला: "आणि माझ्या बायकोला सुबुद्धी दे, प्रभू, की आमचं घर राहील." देवाच्या पत्त्यावर टाकलेलं पत्र तिच्याच ताटात पडलं. तिला आमेन म्हणता आलं नाही. आपल्या तोंडाची तिला भीती वाटू लागली होती. तिने मनातल्या मनातसुद्धा त्या गावाचं नाव घेणं सोडलं. "तिकडे" एवढंच म्हणायची. प्रार्थना बंद केली, कारण प्रार्थनेत ती कुठे जाऊन पोचेल याचा भरवसा नव्हता. करुणा बोबडं काहीबाही बोले, व-व-व, स-स-स, आणि रिबेकाला वाटायचं, की हिला कळलंय, ही तेव्हा मांडीवर झोपली नव्हती. हे वेडेपण आहे, हे तिला कळत होतं. कळून उपयोग होत नव्हता.

शनिवारी रंगूबाई येऊन पायरीवर बसली. तिला कोणी बसवलं होतं ते दोघींना ठाऊक होतं. "मला काय विचारू नको गो," ती म्हणाली, "मी राखणीला हाय." मग तंबाखू मळली, कोणी बघत नाही ना ते पाहून तोंडात टाकली. "एस.टी.वर बनुबाईचा भाचा हाय, चांगू कंडक्टर. चढलीस तर तिकीट फाडायच्या आधी निरोप पोचल. तेवढं म्हाईत असू दे."

"तुम्ही कधी सांगितलंत का हो, कोणाचं ऐकलेलं?"

पलीकडे गिरणी बंद झाली आणि एकदम इतकं शांत झालं की रिबेकाला आपल्याच कानातलं रक्त ऐकू आलं. "एकदाच," म्हातारी शेवटी म्हणाली. "जुन्या गोऱ्या साहेबाला. पगार खात हुती त्याचा. ती बाई बाजारात मासळी विकते अजून. मी समोर गेली तर चांगली चांगली मासळी काढून देते, वाटा मोठा करते. पर वर बघत नाय. एकवीस वर्सं झाली, वर बघत नाय." ती उठली आणि थुंकायला कुंपणापाशी गेली, आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली.

रविवारी पहिली घंटा झाल्यावर रिबेका कमिटीच्या खोलीत गेली. या वेळी करुणाला घरी ठेवून. रात्रभर जुळवलेली वाक्यं होती. शास्त्रातले आधार होते, कोणी न नेमलेल्या माणसांचे, मेंढरांमागून आणि जाळ्यांपासून उचललेल्या. पाळकसाहेबांनी वर पाहिलं आणि त्यातलं एकही वाक्य तिला सापडलं नाही. "ती सेवा होती," ती म्हणाली. "मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी परवानगी घेतली नव्हती. काय लिहायचं ते लिहा, साहेब. गाव सांगणार नाही." आपला आवाज तिला बारीक वाटला, तक्रार करणाऱ्या मुलीसारखा. धीट वाटावं असं काही झालं नाही. पाळकसाहेबांनी टाक शाईत बुडवला, आणि लिहिता लिहिता खाली मान घालूनच म्हणाले, "तुम्ही पुरुष असतात तर तुम्हाला मीच सेमिनरीला, पाळकाचं शिक्षण घ्यायला, पाठवलं असतं." ही शाबासकी होती की शिक्षेचाच भाग, हे तिला कधीच ठरवता आलं नाही.

प्रभुभोजनाला बसायचं नाही. घरोघर जायचं नाही. महिनाअखेर खोल्या सोडायच्या, शांतवनची बदली घाटावरच्या दवाखान्यात. हे सगळं तिला त्या खोलीतच कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि बाकावर बसून राहणं वेगळं. भाकरीच्या तुकड्यांचं ताट रांगेतून येत होतं. शांतवन तिच्या डावीकडे. त्याने आपला तुकडा घेतला, क्षणभर ताट धरून ठेवलं, त्याचा अंगठा ताटाच्या कडेवर पांढरा पडला होता, आणि मग ते त्याने तिच्या समोरून, तिच्या गुडघ्यांवरून, पलीकडच्या बाईच्या हातात दिलं. भाकरीचा वास तिच्या नाकाला लागला. तो तुकडा त्याने खाल्ला नाही, असं त्याने नंतर सांगितलं. खिशात ठेवला होता, सदऱ्याच्या. तो तिला द्यावा की टाकावा हे त्याला कळेना, आणि तिलाही कळेना, आणि खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात तो कडक होत गेला. देवळाच्या दारात महिपतरावांनी तिला अडवलं नाही. ते एवढंच म्हणाले, "रामनवमीच्या पुढंमागं बाळंत व्हायची ती. आमी बी गावं मोजतोय, बाय. गावं काय लाख नाय."

त्यानंतर ते मोजत होते आणि ती मोजत होती. ते गावं, ती दिवस. रामनवमी आली नि गेली. चांगू कंडक्टर गाडीच्या दारातून आवाराकडे बघत जाई. पायरीवर रंगूबाई. ट्रंका बांधायला काढलेल्या, त्यांतल्या एकीत पुण्याची वह्यापुस्तकं, दुसरीत करुणाची झबली, आणि त्यांतली अगदी लहान झालेली चार रिबेकाने वेगळी काढून ठेवली होती, कोणासाठी ते कोणी विचारलं तर सांगता येऊ नये अशी, उशीखाली. ती कोणाबरोबर पाठवणार? मंडळीतल्या माणसाला सांगायचं तर तो मंडळीचा. शांतवनला सांगायचं तर तो बिचारा एका दिवसात पांढरा पडेल आणि कोणीही त्याच्या चेहऱ्यावरून वाचेल. देवाला सांगायची सोय तिने स्वतःच बंद केली होती. अशी ती सगळीकडून मिटत आली होती, आणि एका दुपारी, गिरणीच्या धडधडीत, तिला वाटलं की एक माणूस अजून राहिलंय. ज्याला कमिटीच्या खोलीत बोलावता येत नाही, ज्याच्या घराची किल्ली मिशनकडे नाही, ज्याचं नाव मंडळीच्या वहीत नाही.

तुम्ही. हे वाचणारे तुम्ही मंडळीतले नाही आहात ना? मग ऐका. महाडहून सवला जायला वेळ लागत नाही. गरम पाण्याच्या कुंडांवर अंगाला खाज आलेली माणसं जातातच, तुम्हीही गेलात तर कोणी वळून बघणार नाही. कुंडांच्या वरच्या अंगाला चिंचेखाली एक कौलारू घर आहे, हलिमाबीचं. तिथे कोणाचं नाव घेऊन हाक मारू नका. मी पाठवलं असंही म्हणू नका. पाणी मागायचं निमित्त करून परसदारी जरा उभे राहा. दोरीवर लंगोट वाळत असतील, आतून तान्ह्याचं रडणं येत असेल, तर पाणी पिऊन सरळ परत फिरा, तेवढ्याने माझं काम झालं. पण दोरी रिकामी असेल आणि आत काहीच ऐकू येत नसेल, तर कृपा करून तसेच जाऊ नका हो. दार वाजवा.